बेयलीफचं घर, काउफोल्डचा बार्न: एका मॉडेलच्या नोंदी

14 सप्टेंबर 2024, शनिवार

मॉडेल कशाचं करायचं हे आज ठरलं. वेल्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियममधलं बेयलीफ फार्मस्टेड, म्हणजे शेतकऱ्याचं घर आणि त्याला लागून असलेला बार्न, म्हणजे पीक साठवायचं आणि मळायचं मोठं लाकडी कोठार. प्रमाण 1:20. रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांना सगळा सांगाडा सुटा करून द्यायचा आणि त्यांनी तो उभा करायचा, असा बेत आहे. म्हणून गोंद अजिबात वापरायचा नाही. मूळ सुताराने जिथे खुंटी ठोकली तिथे मीही खुंटीच ठोकणार.

संग्रहालय वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनला, चिचेस्टरहून मिडहर्स्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने 1967 मध्ये ते स्थापन झालं आणि 1970 मध्ये लोकांना खुलं झालं. सुमारे 40 एकरांत पन्नासच्या वर इमारती आहेत, त्यातल्या बहुतेक दुसरीकडून उतरवून आणलेल्या. जिथल्या तिथे वाचवणं शक्य नव्हतं त्याच उचलायच्या, असं त्यांचं धोरण. बेयलीफ हे केंटमधल्या चिडिंगस्टोनचं घर. बाउ बीच जलाशयाच्या पाण्यात ते जाणार होतं. पाणीपुरवठा कंपनीने ते संग्रहालयाला देऊन टाकलं आणि 1968-69 मध्ये ते उतरवलं गेलं.

पण शेजारचा बार्न तिथला नाहीच. तो काउफोल्डचा, 1536 चा. काउफोल्ड माझ्या घरापासून, म्हणजे हॉर्शमपासून, गाडीने फार तर पाव तास. म्हणजे ज्याला सगळे बेयलीफ फार्मस्टेड म्हणतात ते केंटचं घर, ससेक्सचा बार्न आणि संग्रहालयाने नव्याने आखलेली बाग, फळझाडं आणि शेतं अशी जुळवणी आहे. यात फसवाफसवी नाही, ते स्वतःच सांगतात. तरी माझ्या मॉडेलवर ही जुळवणी दिसली पाहिजे. कशी दाखवायची ते अजून सुचलेलं नाही.

22 सप्टेंबर

दिवसभर सिंगलटनला. मोजपट्टी, वही, जेवणाचा डबा. दारातल्या स्वयंसेवक आजोबांना मोजमाप घेऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "घ्या की, फक्त विस्तवात पाय देऊ नका." विस्तव खरोखरच हॉलच्या मधोमध, जमिनीवर, पेटलेला होता.

घर चार खणांचं. मधले दोन खण म्हणजे हॉल. तो जमिनीपासून थेट वाशांपर्यंत मोकळा, मधे माळा नाही. एका टोकाच्या खणात खाली दोन कोठ्या, एक पेयांची आणि एक खाण्याच्या जिनसांची, वर खोली. दुसऱ्या टोकाला मालकाचा खण: खाली आतली बैठक, वर निजायची खोली, आणि त्या खोलीच्या मागच्या भिंतीतून बाहेर काढलेला संडास. कोठ्यांच्या बाजूला हॉलमधून आरपार जाणारी वाट, दोन्ही टोकांना समोरासमोर दारं. बसायचं कुठे यावरून माणसाचा मान कळावा अशी ही रचना आहे: दाराकडचा भाग गड्यामाणसांचा, विस्तवापलीकडचा बाक धन्याचा.

बाहेरून बघितलं की या घरांची जात लगेच ओळखू येते. दोन्ही टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीपुढे आलेले, हॉलची भिंत मात्र आत. छप्पर तर एकच, सरळ. त्यामुळे मधल्या भागात वळचण भिंतीपासून चांगली पुढे लटकते आणि दोन बाजूंनी कमानीसारखे वळलेले टेकू तिला पेलतात. याला वेल्डन हाऊस म्हणतात. केंट आणि ससेक्समधल्या वेल्ड या जंगलपट्टीवरून पडलेलं नाव. एकट्या केंटमध्ये अशी शेकडो घरं आजही वापरात आहेत.

ही घरं सरदारांची नव्हेत, हे मला सगळ्यात रोचक वाटतं. 1348-49 च्या प्लेगमध्ये इंग्लंडची निदान तिसरा हिस्सा माणसं मेली. जमीन तेवढीच, कसणारे थोडे. मजुरी वाढली, खंड उतरले, आणि दोन-तीन पिढ्यांत ज्यांच्या हाती सलग शेती आली असे खाऊनपिऊन सुखी शेतकरी तयार झाले. यांना योमन म्हणतात. वेल्डची जमीन चिकणमातीची, नांगराला जड, पण ओक भरपूर. गावठाणात दाटीवाटीने राहण्यापेक्षा इथला शेतकरी आपल्या वावरातच सुटं घर बांधून राहिला. बेयलीफसारखं घर म्हणजे अशा माणसाने हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर बोलावलेला चांगला सुतार.

हॉलमधून निघालो तेव्हा जॅकेटला जो वास होता तो रात्री घरी येईपर्यंत गेला नाही. बायको म्हणाली, "हुरडा पार्टीला गेला होतास का?"

5 ऑक्टोबर

छपराचं रेखाटन पुरं केलं. यात आढं नाही! पहिल्यांदा बघणाऱ्या मराठी माणसाला हे पटत नाही. वाशांच्या जोड्या शेंड्याला एकमेकांत गुंतवून खुंटीने पक्क्या केलेल्या, वर लांब तुळई कुठेच नाही. मग सगळे वासे एका बाजूला पत्त्यांसारखे का कोसळत नाहीत? त्यासाठी क्राउन पोस्ट. आडव्या तुळईच्या मध्यावर एक बुटका खांब उभा, त्याच्या डोक्यावर घराच्या लांबीने जाणारी एक कडी, आणि प्रत्येक वाशांच्या जोडीला जोडणारी आडवी पट्टी त्या कडीवर टेकलेली. खांबाला चारी बाजूंनी वळणदार टेकू. हॉलच्या मधोमध, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे हा खांब दिमाखात उभा केलेला असतो. बांधकामाची गरज भागवता भागवता सुताराने मिरवून घेतलंय.

वासे काळेकुट्ट आहेत. शतकभर खालच्या विस्तवाचा धूर वर जाऊन कौलांच्या फटींतून, वाट मिळेल तिथून बाहेर पडायचा. त्याची ही काजळी. इंग्लंडमधल्या जुन्या घरांचा अभ्यास करणारे आधी माळ्यावर चढतात ते यासाठीच. वासे काळे असतील तर घर कधीकाळी उघड्या हॉलचं होतं, मग खाली आज टीव्ही आणि गालिचा असला तरी.

वयाचा पुरावा लाकडाच्या वाढीच्या वलयांतून मिळतो. ओकमध्ये दर वर्षी एक वलय वाढतं, ओल्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. हा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवून झाड कधी तोडलं ते काढतात. ओक ओला असतानाच वापरायची रीत असल्याने तोडणी आणि बांधणी यांत फारसं अंतर नसतं. बेयलीफचा हॉल आणि कोठ्यांचा खण 1405 ते 1430 मधला निघाला. मालकाचा खण त्यानंतर साधारण ऐंशी-शंभर वर्षांनी, 1500 च्या आसपास जोडलेला.

म्हणजे घरही एका काळचं नाही. इथेच मॉडेलचा प्रश्न सुटला. पंधराव्या शतकातलं सगळं नाशपातीच्या लाकडात, ते लालसर दिसतं. सोळाव्या शतकातलं लिंडनमध्ये, फिकट. आणि संग्रहालयाने पुराव्यावरून किंवा अंदाजाने नवं केलेलं सगळं राखी रंगात. मुलांना बोट ठेवून सांगता येईल: हे आजोबा, हा नातू, आणि हे आपलं.

27 ऑक्टोबर, रविवार

सासूबाईंचं विमान संध्याकाळी होतं. हीथ्रोच्या उत्तर कुंपणापलीकडे हार्मंड्सवर्थ गाव आहे, आणि तिथला ग्रेट बार्न एप्रिल ते ऑक्टोबर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी उघडा असतो. आज चौथा रविवार. दोन तास आधीच निघालो.

बेयलीफचा हॉल उभा राहत होता त्याच सुमारास, 1426-27 मध्ये, हा बार्न बांधला गेला. लांबी 58 मीटर, बारा खण, मधे उंच भाग आणि दोन्ही बाजूंना उतरत्या छपराच्या पडव्या. बांधणारा शेतकरी नव्हे, विंचेस्टर कॉलेज. या गावाची जहागीर कॉलेजकडे होती आणि जहागिरीचं पीक साठवायला हा बार्न. लाकूड बहुतांश मूळचंच आहे. कवी जॉन बेट्जमन यांनी याला मिडलसेक्सचं कॅथेड्रल म्हटलं, आणि आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते हे खरं. तरी एवढ्या मोठ्या प्रत्येक बार्नला लोक सरसकट 'टाइथ बार्न' म्हणतात त्याची मला चीड येते. टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा. बहुतेक मोठे बार्न चर्चच्या वाट्यासाठी नव्हते, मालकाच्या स्वतःच्या शेतीचं पीक ठेवायला होते. हाही त्यातलाच.

1970 च्या दशकापर्यंत इथे शेतीचं काम चालू होतं. नंतर मालकी बदलत गेली, आबाळ झाली आणि शेवटी 2012 मध्ये जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने 20,000 पौंडांना तो विकत घेतला. लंडनमध्ये या पैशांत गॅरेज येणार नाही.

खांबांची बुडं दगडी ठोकळ्यांवर आहेत. ओक मातीत पुरला की कुजतो, दगडावर ठेवला की सहाशे वर्षं टिकतो. मी गुडघ्यावर बसून एका खांबाचा फोटो घेत होतो, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. छपराखाली त्याचा आवाज बाहेरच्यापेक्षा कमी वाटला, लाकडाने खाल्ला असावा.

16 नोव्हेंबर

सांध्याचा दिवस. खांब, भिंतीवरची लांब कडी, आडवी तुळई आणि वासा असे चार घटक एका जागी भेटतात तो हा सांधा. इंग्लंडच्या लाकडी बांधकामाचा सगळा जीव यात आहे. 1:20 ला तो हातात घेऊन समजत नाही, म्हणून वेगळा, 1:4 च्या प्रमाणात, खऱ्या ओल्या ओकमध्ये केला.

खांब वरच्या टोकाला जाड होतो. हे जाडपण जोडलेलं नाही, झाडाचंच आहे: खोड बुंध्याशी फुगतं, आणि सुतार खोड उलटं करून उभं करतो, मुळाकडची बाजू वर. या फुगीर डोक्यावर दोन कुशी, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या जिभा, कोरतात, दोन वेगळ्या उंचीवर. बाहेरची बुटकी कूस भिंतीवरच्या कडीत जाते. आतली उंच कूस कडीच्या शेजारून वर येऊन तुळईच्या पोटात शिरते. तुळई कडीच्या माथ्यावर बसते आणि तिथे डव्हटेल, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या, खाचेने कडीला धरून ठेवते, कारण वासे छपराच्या वजनाने भिंतीला सतत बाहेर लोटत असतात. त्यामुळे उभारणीचा क्रम पण ठरूनच जातो: आधी खांब, मग कडी, मग वरून तुळई. उलटं करताच येत नाही.

यात एक उणीव आहे आणि ती त्या सुतारांना ठाऊक असणारच. ओला ओक वाळताना रुंदीत आकसतो, डव्हटेलची बाजू बारीक होते आणि खाचेत सैल पडते. म्हणून आतली कूस. एकाने सोडलं तर दुसऱ्याने धरायचं.

खुंटीची भोकं मुद्दाम एका रेषेत पाडत नाहीत. कुशीतलं भोक खांद्याच्या, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या, बाजूला किंचित सरकवतात. निमुळती खुंटी ठोकत गेलं की ती वाट काढताना सांधा आवळत जाते. शिकंजा लागत नाही. 1:4 ला हे सुंदर जमलं, शेवटच्या ठोक्याला फट मिटताना डोळ्यांनी दिसते. 1:20 ला खुंटी सव्वा मिलिमीटरची, तिथे भोक सरळच. बांबूच्या काड्या लोखंडी पट्टीतल्या भोकातून ओढून त्या जाडीच्या केल्या.

ओल्या ओकमध्ये टॅनिन असतं. पटाशीच्या लोखंडाशी ते मिळालं की बोटं निळीकाळी होतात. लिंबू चोळलं की जातात, निदान ऑफिसला जाण्याइतपत.

संध्याकाळी आप्पांना व्हिडिओ कॉलवर सांधा दाखवला. आप्पा माझे चुलते, चाळीसेक वर्षं सुतारकी केलेले, सागवानाशिवाय बात नाही.

"ओला ओक घेतलास? अरे, फाटेल की तो!"

"फाटतोच, आप्पा. इथल्या सगळ्या जुन्या खांबांना उभ्या चिरा आहेत."

"आणि कुणी काही बोलत नाही?"

"सहाशे वर्षांत नाही बोललं."

"खुंटी कशाची घातलीस?"

"वाळलेल्या ओकची."

"हां. मग बसेल. खुंटी कोरडीच पाहिजे."

पुढचा अर्धा तास माझ्या पटाशीला धार कशी नाही यावर गेला.

1 डिसेंबर

सगळ्या तुकड्यांवर खुणा कोरल्या. त्या काळचे सुतार सांगाडा आधी आपल्या आवारात आडवा मांडून जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरायचे, सगळं सुटं करायचे, गाडीतून जागेवर न्यायचे आणि पुन्हा उभं करायचे. चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे व्ही आणि चार रेघा. उलटसुलट धरलं तरी घोटाळा होऊ नये म्हणून वजाबाकीचा आकडा टाळलेला.

हे कोरताना पहिल्या दिवशीचं जुळवाजुळवीचं खटकणं पार गेलं. लाकडी सांगाडा मुळात सुटा होण्यासाठीच बनतो. चिडिंगस्टोनचं घर सिंगलटनला आणणाऱ्यांनी सुताराने केलं तेच पुन्हा केलं, फक्त मधे साडेपाचशे वर्षं गेली. संग्रहालयात जे टुडर, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासचं, स्वयंपाकघर आहे, विंकहर्स्ट, तेही त्याच जलाशयाच्या जागेतलं. ते तर संग्रहालयात आणून एकदा बसवलं आणि पुढे तिथूनही उचलून आजच्या जागी आणलं.

4 जानेवारी 2025

कौलं. 1477 मध्ये चौथ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला: साधं कौल साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद, पाच अष्टमांश इंच जाड असलंच पाहिजे. 1:20 ला हे सुमारे 13 बाय 8 मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटरहून कमी. गंमत म्हणजे कायद्याची तारीख बरोबर घराच्या दोन भागांच्या मधे पडते. हॉल कायद्याआधीचा, मालकाचा खण नंतरचा. कौलं अर्थातच बदलत राहतात, त्यामुळे आज यावरून काही सिद्ध होत नाही, पण मजा आली.

पूर्ण छपराला हजारो लागतील. करणार नाही. मागच्या उताराचा एक खण कौलारू, बाकी वासे उघडे. मुलांनाही आत बघता येईल.

18 जानेवारी

कुडाची एक चौकट खऱ्या मापात केली. ओकच्या फाळक्या उभ्या, त्यांत हेझलच्या फांद्या विणलेल्या, दोन्ही बाजूंनी चिकणमाती, चिरलेलं काड आणि शेण यांचा गिलावा, वाळल्यावर चुना. हेझल आणि चुना विकत मिळाला. शेणासाठी जवळच्या गोठ्यात गेलो आणि काय हवंय ते सांगितलं, तर गोठेवाल्या बाई म्हणाल्या, "घेऊन जा, हवं तेवढं. विचारणारे तुम्ही पहिलेच." गिलावा हाताने फेकून मारावा लागतो, थापून चिकटत नाही. शेजारच्या शेडमधले तिघे निवृत्त इंग्रज गृहस्थ हातमोजे घालून लांब उभे होते. मी सरळ हात घातला, तेव्हा एकाने मोजे काढले.

1 फेब्रुवारी

आज हात न लावता नुसता विचार. मॉडेल कुठल्या साली थांबवायचं?

संग्रहालयाने बेयलीफ साधारण 1540 चं दाखवलं आहे. फर्निचर सगळं त्या काळच्या नमुन्यावर नवं बनवलेलं, कारण तेव्हाचं शेतकऱ्याचं फर्निचर उरलेलंच नाही. घरात नंतर घातलेले फेरफार परत बांधले नाहीत. विस्तव पुन्हा मधोमध आला.

या निर्णयाला विरोध करणारी फळी इंग्लंडमध्ये जुनी आहे. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी सोसायटी काढली ती नेमकी याच प्रवृत्तीविरुद्ध: 'मूळ रूप' आणायच्या नावाखाली मधली शतकं खरवडून टाकू नका, नुसती रोजची निगा राखा. मॉरिस यांचं बरोबर होतं असं मला बहुतेक वेळा वाटतं. पण बेयलीफच्या बाबतीत नाही. जागेवर उभ्या असलेल्या घराला तो न्याय. हे घर पाण्याखाली जायचं होतं, ते एकदा उतरवावंच लागलं. प्रत्येक खांब सुटा हातात आल्यावर पुन्हा बांधताना काहीतरी निवड करावीच लागते. आणि उघड्या हॉलमध्ये डोळे चुरचुरेपर्यंत बसल्याखेरीज ती घरं का बदलली हे कळत नाही.

बदल कसा झाला ते त्याच आवारात चालत बघता येतं. बेयलीफ: मधे विस्तव, धूर सगळीकडे. मग वॉशिंग्टन नावाच्या ससेक्समधल्या गावाहून आणलेलं पॉप्लर कॉटेज, सतराव्या शतकातलं, त्यात धुराला एका टोकाच्या अरुंद खणात कोंडलेलं. मग मिडहर्स्टजवळचं पेंडीन फार्महाऊस, 1609 चं, ज्याच्या मधोमध विटांचं धुराडं आहे. वर्षांचा क्रम सरळ नाही, हे लक्षात घ्यावं: गरिबाच्या घरात जुनी पद्धत जास्त टिकली. धुराडं आलं की हॉलवर माळा घालता येतो, वर खोल्या निघतात, घर एकदम दुप्पट होतं. 1577 मध्ये एसेक्समधल्या रॅडविंटरचा धर्मगुरू विल्यम हॅरिसन लिहितो की त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत बदललेल्या तीन गोष्टींचं नवल वाटतं. पहिली, जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. दुसरी अंथरुणं, तिसरी लाकडी ताटवाट्या जाऊन आलेली धातूची भांडी.

तर 1540 च. धुराडं एका सुट्या तुकड्याच्या रूपात बरोबर ठेवणार. मुलांनी हॉलमध्ये ते बसवायचा प्रयत्न करावा आणि कुठली तुळई आडवी येते ते शोधावं.

22 फेब्रुवारी

बार्नला सुरुवात. घराला एवढे महिने दिले आणि शेतकऱ्याच्या हिशेबात घर दुय्यमच. पैसा बार्नमध्ये असायचा.

एवढा मोठा कशाला, याचं उत्तर हवामानात आहे. आपल्याकडे सुगीला आभाळ मोकळं असतं. खळं उघड्यावर सारवतात, मळणी-उफणणी तिथेच उरकते आणि घरात येतं ते नुसतं धान्य. इंग्लंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या कापणीत कधी पाऊस येईल सांगता येत नाही. त्यामुळे पेंढ्या काडासकट छपराखाली आणून रचायच्या आणि मळणी हिवाळाभर, लागेल तशी, आतच करायची. म्हणजे धान्याच्या कितीतरी पट आकाराचं काड साठवायचं. मधल्या खणाला समोरासमोर दारं: एकीकडून भरलेली गाडी आत, दुसरीकडून रिकामी बाहेर. तोच खण खळ्याचा. दारं उघडली की आरपार वारा सुटतो, त्यात उफणायचं. मळणीचं हत्यार म्हणजे चामड्याने जोडलेल्या दोन काठ्या, एक धरायची, एक आपटायची.

मॉडेलमध्ये फक्त हा खळ्याचा खण पूर्ण करणार आहे. शेजारचे दोन नुसते रेखलेले. फळ्यांची जमीन, दारांच्या तळाशी काढता-घालता येणारी आडवी फळी, धान्य बाहेर उडू नये म्हणून.

हिवाळ्यातली ही मळणी हीच शेतमजुरांची थंडीतली रोजी होती. मळणीयंत्रं आली आणि ती गेली. 28 ऑगस्ट 1830 च्या रात्री केंटमधल्या लोअर हार्ड्रेसला मजुरांनी यंत्र फोडलं आणि तिथून दक्षिण इंग्लंडभर दंगे पसरले, तेच स्विंग दंगे. यंत्रं पुढे राहिलीच. बार्नचं मुख्य कामच संपलं, मग तिथे गुरं, गवत, औजारं, आणि आता राहायची घरं. 2014 पासून शेतीच्या इमारतीचं घर करायला नेहमीची लांबलचक परवानगी लागत नाही, संरक्षित यादीतल्या इमारती सोडून. काउफोल्डकडे जाताना काळ्या फळ्यांच्या भिंतीत काचेची भलीमोठी खिडकी दिसली की समजावं, ते गाडीचं दार होतं.

आवारातल्या बाकीच्या इमारती, छत्रीसारख्या दगडांवर उंच ठेवलेली उंदीर न चढणारी धान्याची खोली, गाडीखाना, गुरांच्या शेड, या मुख्यतः नंतरच्या शतकांतल्या. त्या मॉडेलमध्ये नाहीत. 1540 म्हणजे 1540.

16 मार्च, रविवार

वर्गात पहिली उभारणी. आठ ते तेरा वयाची मुलं, दोन गट. एका गटाने आकडे वाचून खांब आणि कड्या झटपट बसवल्या. दुसऱ्या गटाने तुळई आधी घालायचा हट्ट धरला, तेव्हा एक मुलगी वैतागून म्हणाली, "काका, ही बसतच नाही, तुम्ही चुकीची कापलीय." मी काही बोललो नाही. तिनेच थोड्या वेळाने तुळई काढली, कडी घातली, पुन्हा तुळई घातली.

धुराडं कुणालाच बसवता आलं नाही. एकाने क्राउन पोस्टच काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. त्याला सांगितलं, खऱ्या घरांतही काही ठिकाणी अगदी असंच केलंय. खूश झाला.

सगळ्यात जास्त चर्चा राखी रंगावर. संडास राखी का? कारण तो नव्याने बांधलाय. मग तेव्हा होता कशावरून? मागच्या भिंतीच्या बांधणीवरून, असं म्हणालो. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि बरंच झालं. पुढच्या महिन्यात सगळ्यांना सिंगलटनला न्यायचं ठरलंय.

23 मार्च

पायथ्याच्या पाटीचा मजकूर पक्का: "घर: चिडिंगस्टोन, केंट. हॉल 1405-30, मालकाचा खण 1500 च्या सुमारास. बार्न: काउफोल्ड, ससेक्स, 1536. दोन्ही आज सिंगलटनला. राखी भाग विसाव्या शतकातला."

बाकी कामं: खिडक्यांची झडपं (काच नाही, नुसते चौकोनी गज, कोपरा पुढे करून लावलेले), कौलांचा उरलेला पट्टा, बार्नची दारं. दारांना लोखंडी बिजागऱ्या हव्यात. बाजारात एवढ्या लहान फक्त पितळी मिळतात, त्या काळ्या करून बघणार. वाळताना दोन नाशपातीचे खांब पिळवटलेत. आप्पा म्हणतात बदल. मी ते तसेच ठेवतोय, सांधा अजून घट्ट आहे.